मैत्रीच्या मेंदूचा फोटो

आमच्या जिल्ह्यात लांबलांबून माणसं लेणी बघायला येतात. आम्ही मायलेकी गंगापूरहून निघालो, तीन दिवस संभाजीनगरात काढले आणि एक नळी बघून आलो. पांढरी, आडवी, माणूस आत सरकवता येईल एवढी. तिथं जायची वेळ कुणावर येऊ नये, पण येते, आणि आली की काय काय होतं ते आधी कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहिते आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई आहे, त्यामुळे सांगायची खोड आहेच.

मैत्री माझी मुलगी, नऊ वर्षांची. जेवताना तीनदा उठते. बेरीज अर्धी झाली की तिचं मन खिडकीतून बाहेर पडतं आणि हातचा तसाच राहतो. पाण्याच्या बाटल्या तिनं किती हरवल्या हे मी मोजायचं सोडलं. पोटात आलं की ओठावर आलंच. नखं कापायची म्हटलं तर एकानं धरायचं, एकानं कापायचं, आणि तिघांनीही शेवटी रडायचं. महिन्यापूर्वी शहरातल्या डॉक्टर मॅडमनी आम्हाला दोनदा बोलावलं, पानंच्या पानं प्रश्न विचारले, तिच्या वर्गबाईंकडूनही भरून घेतले आणि सांगितलं, हा एडीएचडी आहे. लक्ष टिकत नाही, अंग थांबत नाही, आणि पोरगी हे मुद्दाम करत नाही.

मैत्रीच्या पप्पांचं गंगापुरात कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. मॅडमचा कागद त्यांनी उलटासुलटा करून पाहिला. "नुसते प्रश्न इचारून रोग कळतो व्हय? मातीचा रिपोर्ट येतो, पाण्याचा येतो. डोक्याचा फोटो काढा. त्यात दोष दिसला तर मी मानतो. नाय दिसला तर पोरगी करमाडला."

करमाडकडे एक निवासी शाळा आहे, शिस्तीसाठी नावाजलेली. तिचा फॉर्म भरून, सही करून त्यांनी टीव्हीवर ठेवला होता. आठवड्यात द्यायचा होता. फोटोची गरज नाही असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं, पण गंगापुरातल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या पाठीस लागून ह्यांनी एमआरआयची चिठ्ठी लिहून घेतलीच. म्हणजे मी घरातून निघाले ती पोटच्या पोरीच्या डोक्यात काहीतरी निघू दे, असं मनात म्हणत. लिहायला नको वाटतं, पण खरं ते खरं.

पहिला दिवस : उस्मानपुरा

एसटीच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नसतं. मैत्रीनं चार जागा बदलल्या. कंडक्टरच्या तिकिटाच्या मशीनमध्ये कागद संपला तर काय करता, हे त्याला तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "उतरवून देतो मी, चालत जायाचं." वाळूजच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा मागच्या सीटवरच्या आजी म्हणाल्या, "बाई, आवरा की पोरीला." मी तिला आवरलं. नऊ वर्षं आवरते आहे. कुणी विचारलं की बाई तुम्हाला एवढा थकवा कशाचा, तर सांगता येत नाही. दिवसातून शंभर वेळा "बस खाली" म्हणण्याचा थकवा येतो हे कुणाला पटेल?

उतरलो ते उस्मानपुऱ्यात, विमलताईंकडे. विमलताई माझ्या मोठ्या नणंद. दारात जय भीम झाला आणि ताटं मांडूनच ठेवली होती. आमच्या गावाकडे पाहुण्याला आधी चहा, मग गप्पा, मग जेवतोस का असं विचारायचं. ह्या घरात विचारायची पद्धत नाही. भाकरी पानात पडते, नको म्हटलं की दुसरी पडते. मैत्रीनं भाकरीची चंद्रकोर केली, उठून कुलर बघून आली, परत बसली. विमलताई तिला काही बोलत नाहीत. त्यांच्या घरात आल्यावर मैत्री वाईट पोरगी नसते, हे मी तिथं प्रत्येक वेळी पाहते आणि घरी गेल्यावर विसरते.

झोपायच्या आधी मी ताईंना नीट समजावून सांगितलं. ही शांत पडून राहणार नाही म्हणून उद्या झोपेचं इंजेक्शन देऊन फोटो काढणार आहेत. पोटात काही असलं तर गुंगीत उलटी होऊन ती छातीत जायचा धोका असतो. तेव्हा सकाळी काही म्हणजे काही द्यायचं नाही.

"लेकराला उपाशी न्यायचं?"

"दुपारपर्यंतच हो, ताई."

"हं," ताई म्हणाल्या. त्या 'हं'वर मी विसंबले, ही माझी चूक.

दुसरा दिवस : स्कॅन सेंटर

सेंटरच्या आतल्या दाराबाहेर चपला काढायच्या असतात. एक म्हातारे बाबा चपला काढून दाराला हात लावून पाया पडले, मग आत गेले. मला हसू आलं आणि आलेलं हसू लगेच गेलं, कारण मीही मनात दुसरं काय करत होते? गावच्या दवाखान्यात बाकावर टेकलं की शेजारचा विचारतो, काय झालं, कवापासून, कुणाला दाखवलं. इथं वीस माणसं बसली होती आणि कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. मला ते बरं वाटलं.

आत मोठं लोहचुंबक असतं, म्हणून अंगावर धातू चालत नाही. मुलीजवळ मीही थांबणार होते, त्यामुळे माझीही झडती झाली. गळ्यातलं काढलं, कानातलं काढलं. बांगडीला अडकवलेल्या पिना निघाल्या सात. जोडवी अठरा वर्षांत काढली नव्हती, ती साबण लावून निघाली आणि बोटाला पांढरं कडं राहिलं.

नर्सनं फाईल उघडली. "सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

"खाल्लं की," मैत्री म्हणाली. "आत्यानं दूध दिलं आन् दोन खाऱ्या. मम्मी आंघोळीला गेली तवा. सांगू नको म्हणली."

नर्सनं फाईल मिटली. भूल देणारे डॉक्टर आले, त्यांनी मान हलवली आणि इंजेक्शन आज नाही म्हणून सांगितलं. पुढची तारीख आठ दिवसांनंतरची होती. टीव्हीवरच्या फॉर्मला तेवढी सवड नव्हती.

मी व्हरांड्यात जाऊन ताईंना फोन लावला. राग आला होता, "सांगितलं होतं ना ताई" म्हणून ओरडलेच. त्या शांतपणे म्हणाल्या, "तू मला काय बोलायचं ते बोल. पण दवाखान्यात निघालेलं लेकरू माझ्या उंबऱ्यातून उपाशी गेलं असतं, तर मला दिवसभर घास गिळला नसता. आन् दोनच तर खाऱ्या."

ह्यावर भांडता येत नाही. आमच्यात माणूस भांडून घराबाहेर पडलेला चालतो, उपाशी पडलेला चालत नाही. डॉक्टरांची सूचना ताईंना कळली नव्हती असं नाही. कळली होती, पण ती त्यांच्या उंबऱ्यापुढं लहान पडली.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. तेवढ्यात मशीन चालवणारे जावेदभाई बाहेर आले. पन्नाशीचे, कानावर चष्म्याची दोरी. त्यांनी मैत्रीकडे पाहिलं. ती खुर्चीखाली शिरून खुर्चीचे नट मोजत होती.

"मॅडम, बिना इंजेक्शनके देखेंगे क्या? बच्ची समझदार दिखती."

नऊ वर्षांत मैत्रीला समझदार म्हणणारा हा पहिला माणूस. मी म्हटलं, "भाई, ती पाच मिनिटं बसत नाही."

"बसनेकू कौन बोल रा? सोनेका है."

त्यांनी तिला शेजारी बसवून मोबाईलवर मशीनचा आवाज ऐकवला. ठक ठक ठक, मग घर्रर्र, मग भोंग्यासारखा. "देख बेटा, आवाज है तब तक तू पत्थर. आवाज बंद हुआ की साँस ले, थूक गिटक. मुंडी नक्को हिला. फिर आवाज, फिर पत्थर."

"किती वेळा?"

"सात-आठ बार."

"मधी खाज आली तर?"

"तो खाजकू बोल, बाद में आ."

मैत्री खदखदून हसली. मग तिनं आणखी प्रश्न विचारले. चुंबक बंद करता येतं का, आत अंधार असतो का, फोटोत विचार दिसतात का. जावेदभाईंनी एकेकाचं उत्तर दिलं. बाहेर वीस माणसं खोळंबली होती, आणि मी वर्गात एका पोराच्या चौथ्या प्रश्नाला काय म्हणते ते मला आठवत होतं.

तिला आडवं केलं, कानात बोळे, वर हेडफोन, डोक्याभोवती जाळीचा सांगाडा. मी पायाशी बसले आणि तिचा घोटा हातात धरला. फळी आत सरकली. आवाज सुरू झाला.

पंचवीस मिनिटं. घोटा हलला नाही. आवाज थांबला की तिच्या पोटातून एक मोठा श्वास वर यायचा, आणि पुढचा आवाज सुरू झाला की परत सगळं बंद. माझी मुलगी झोपेतसुद्धा इतकी निश्चल नसते. मला वाटलं होतं, असं कधी पाहिलं तर आनंद होईल. आनंद नाही झाला. भीती वाटली.

फळी बाहेर आली तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "मम्मी, मी नाय हलले ना?"

जावेदभाई काचेमागून आले. "बडे बडे लोगां हिलते. ये नै हिली."

बाहेर आल्यावर ह्यांचा फोन आला. मी सांगितलं.

"पंचवीस मिंटं? इंजेक्शनबिगर?"

"हो."

"मंग बसता येतं की तिला! म्हंजी सगळी नाटकं हायेत. उगंच माणसाला येड्यात काढती."

मी फोन ठेवला. आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आलं होतं. वीस वर्षं वर्गात हेच वाक्य वापरत आले आहे. मनात आणलं तर सगळं येतं तुला, पण आणायचंच नाही.

त्याच दुपारी : शहागंज

शहरात आलं की नान-खलिया खायचा, हा आमच्या घरचा नेम. मैत्रीला तो फार आवडतो. शहागंजच्या बाजूला एका छोट्या हॉटेलात बसलो. तंदूरमधला पिवळसर नान आला, वाटीत तर्रीचा लाल मटणाचा रस्सा आला. इतर वेळी ती वाटीत कोपरापर्यंत बुडते. आज एक घास बुडवला आणि हात झटकन मागं घेतला.

"काय झालं? गरम आहे?"

"नाय. झोंबतंय."

"तोंडाला?"

"हाताला."

मी तिचा हात उलटा केला. तळव्यावर चार खुणा होत्या, बारीक, अर्धगोल, लाल. दोन ठिकाणी कातडं फाटलेलं. दुसरा हात पाहिला. तिथंही चार.

"हे काय केलंस?"

"नळीत केलं," ती सहज म्हणाली, जसं काही हे मला माहीतच असायला हवं. "पाय पळायला लागले की मुठी दाबून धरायच्या. मंग ते थांबतात. वर्गात पण करते मी. पण वर्गात लई वेळ असतो ना, मंग हात दुखतात, मंग सोडते. सोडलं की बाई ओरडतात."

पाण्याच्या ग्लासात रुमाल बुडवून मी तिचे हात पुसले. नान तसाच गार झाला. वर्गात कुणी मूठ सोडली की मी ओरडणारी बाई आहे. किती पोरांना दाराबाहेर उभं केलं असेल. त्यांतल्या एकाचेही हात उघडून पाहिले नाहीत. त्या हॉटेलात बसून मला माझीच लाज वाटली, आणि ती काही शहागंजात सोडून येता आली नाही.

मग मी नानाचे तुकडे करून रश्श्यात बुडवले आणि तिला भरवले. नऊ वर्षांची घोडी आईच्या हातानं खाते म्हणून गल्ल्यावरचे चाचा हसले. तिनं तोंड भरून खाल्लं आणि मध्ये दोनदा उठून तंदूर बघून आली. मी बस म्हणाले नाही.

संध्याकाळी रिपोर्ट मिळाला. इंग्रजीत दीड पान आणि शेवटी एक ओळ, सगळं नॉर्मल असल्याची. सेंटरच्या पायरीवर बसून ती ओळ मी तीन वेळा वाचली आणि मला रडू आलं. पोरीचा मेंदू धडधाकट आहे म्हणून रडणारी आई तिथं बहुधा मी एकटीच असेन. एक बाई जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "धीर धरा ताई, होईल नीट." मी मान डोलावली.

तिसरा दिवस : डॉक्टर मॅडम

मॅडमनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. एका फोटोत अनेक चौकटी, चिरलेल्या फ्लॉवरच्या चकत्यांसारख्या. त्यांनी मिनिटभर पाहिलं आणि दिवा बंद केला.

"सुंदर मेंदू आहे. पण हे तुम्हाला नको होतं ना?"

"नको होतं," मी म्हणाले. एकदाच कुणापुढं तरी खरं बोलले.

"मी फोटो नको म्हणाले होते त्याचं कारण हेच. एमआरआय गाठ दाखवतो, मार दाखवतो, तशी शंका असली तर आम्ही स्वतःच काढायला सांगतो. हे त्यात दिसत नाही."

"पण मॅडम, मोबाईलवर रंगीत फोटो येतात. ह्या मुलांचा मेंदू असा, इतर मुलांचा तसा."

त्या हसल्या. "ते खोटं नाही, पण अर्धं आहे. तुमच्याकडं कापूस पिकतो ना? दोन गावांच्या कापसाच्या गाड्या शेजारीशेजारी लावल्या तर जाणता व्यापारी फरक सांगेल. पण एकच बोंड हातात दिलं आणि विचारलं, हे कुठल्या गावचं, तर?"

"नाही सांगता येणार."

"तसंच. खूप मुलांचे फोटो एकत्र केले की सरासरीत थोडाथोडा फरक दिसतो. काही भाग किंचित लहान, काही उशिरा पिकणारे. अभ्यासाला त्याचा उपयोग आहे. एकट्या मैत्रीच्या फोटोवरून हो पण म्हणता येत नाही आणि नाही पण म्हणता येत नाही. ते तिच्याकडं बघूनच कळतं."

मग मी मैत्रीला हात उघडायला सांगितला. मॅडमनी तो बराच वेळ पाहिला. "थांबता येतं तिला," त्या म्हणाल्या. "पण तिला ते केवढ्याला पडतं ते बघा. आणि नवं मशीन, नवा माणूस, आवाज, एक-एक टप्प्याचा खेळ, तेव्हा जमतं. रोज सहा तास बाकावर नाही जमत. वडिलांना घेऊन या एकदा."

येतील का, हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. निघताना विमलताईंनी डबा दिला. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "आता तरी खाऊ दे तिला. का गाडीतबी इंजेक्शन हाय?" मी हसले आणि त्यांच्या पाया पडले. त्या दोन खाऱ्या नसत्या तर पोरगी गुंगीत पडली असती, फोटो असाच निघाला असता, आणि मला तिचे हात कधी दिसले नसते.

गंगापूर

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रीचे पप्पा फिल्म घेऊन खिडकीशी उभे राहिले. मैत्री त्यांच्या काखेखालून डोकं घालून विचारत होती, पप्पा हा डोळा आहे का, हे नाक आहे का, ही पांढरी रेघ कशाची. ते सवयीनं म्हणाले, "नीट उभी ऱ्हाय."

"दोष कुठाय?" त्यांनी मला विचारलं.

"त्यात नाही. त्यात दिसत नाही म्हणाल्या मॅडम."

"मंग झालं तर. आज फॉर्म देऊन येतो."

"द्या. पण आधी ती पंचवीस मिनिटं कशी पडून राहिली, तेवढं विचारा तिला."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मैत्रीनंच दोन्ही हात पुढं केले. खुणांवर आता बारीक खपल्या धरल्या होत्या. ह्यांनी फिल्म खाली ठेवली, चष्मा लावला आणि तिचा हात उजेडात धरला. शेतकरी रोगट पान आणतात तेव्हा ते असंच बघतात, आधी वरून, मग उलटं करून.

"हे कामून?"

"पाय पळू नये म्हणून," ती म्हणाली. "मुठी दाबल्या की थांबतात."

"शाळेत पण करती?"

"व्हय."

"रोज?"

"रोज. पण खुणा नखं वाढल्यावरच पडतात."

त्यांनी तिच्या नखांवरून अंगठा फिरवला. मग मला म्हणाले, "नेलकटर कुठंय?"

आमच्या घरी नखं जमिनीवर पडू देत नाहीत, खाली कागद घेतात. मी रद्दी आणायला उठले. तोवर त्यांनी हात लांब करून टीव्हीवरचा फॉर्म घेतला, उलटा करून फरशीवर अंथरला आणि तिला समोर बसवलं. मी तिथंच थांबले.

पहिलं बोट झालं आणि ती उठून खिडकीतली खार बघून आली. ते नेलकटर हातात घेऊन बसून राहिले. ती आली, दुसरं बोट झालं. तिसऱ्याला तिनं हात हिसकावला, चौथ्याला नेलकटर कसं चालतं ते उघडून पाहिलं. दुकान उघडायची वेळ टळली, दोनदा फोन वाजला, त्यांनी घेतला नाही. धरायला मला बोलावलं नाही. एकदाही "नीट बस" म्हणाले नाहीत.

दहावं बोट झाल्यावर त्यांनी नखं मधोमध गोळा केली, फॉर्मची घट्ट पुडी बांधली आणि बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आले.